इजा, बिजा आणि 'लो याझिक'

इंग्रजीत इजा कधी सरळ दारातून आत येत नाही. आधी 'वुड' येतो, त्याच्यामागून 'कुड' येतो, मग 'माइट' डोकावतो, आणि सगळे स्थिरस्थावर झाल्यावर 'हर्ट' हळूच येऊन कोपऱ्यात बसतो. 'धिस वुड हर्ट.' 'दॅट माइट हार्म.' कुणी कुणाला दुखवलं आहे, दुखवतो आहे की दुखवणार आहे, यातलं काहीही कबूल न करता दुखवण्याविषयी तासभर बोलता येणं ही इंग्रजांची खरी कमाई. आरमार वगैरे नंतरचं. वकिलाची नोटीस, औषधाच्या खोक्यातलं घडी घातलेलं पुराण आणि सासूबाईंना लिहिलेलं आभाराचं पत्र, तिन्ही ठिकाणी हाच 'वुड' कामाला येतो. मुळात तो 'विल'चं भूतकाळी रूप. एके काळी जे होणार होतं ते मागे पडलं आणि आता ते कुठेच नाही. अशा जागी नेऊन ठेवलेल्या इजेवर दावा लावायचा तरी कुणी आणि कुठल्या कोर्टात?

आपल्या व्याकरणात या प्रकाराला 'संकेतार्थ' असं भारदस्त नाव आहे. क्रियापदाचे अर्थ शाळेत चार शिकवतात. त्यातला स्वार्थ शिकवण्याआधीच सगळ्यांना कळलेला असतो. आज्ञार्थ बाई स्वतःच तासभर वापरतात. विध्यर्थ 'मुलांनी शांतता राखावी' या रूपात भिंतीवर रंगवलेला असतो आणि भिंतीवरच राहतो. उरला संकेतार्थ. तो बिचारा 'पाऊस पडला असता तर पीक आले असते' या एका वाक्यावर पिढ्यानपिढ्या गुजराण करतो आहे. तो पाऊस आजवर पडलेला नाही. मार्कांचं पीक मात्र दरवर्षी येतं.

हा इंग्रजी 'वुड हर्ट' उचलून हिब्रूत नेऊन ठेवायचं काम ज्याच्या वाट्याला येतं, त्या भाषांतरकाराबद्दल मला फार कणव वाटते. हिब्रूला काळ तीनच ठाऊक: झालं, होतंय, होईल. 'झालं असतं' यासाठी तिच्याकडे वेगळं रूप नाही. मग ती जोडकाम करते. 'असणे'चा भूतकाळ 'हाया' घ्यायचा आणि त्याच्या शेजारी वर्तमानातला 'पोगेआ', म्हणजे 'दुखवतो', उभा करायचा. 'हाया पोगेआ.' शब्दाला शब्द लावला तर 'होता दुखवतो'. या एवढ्याशा जोडणीतून तीन माणसं बाहेर पडतात. एक जो नेहमी दुखवायचा, दुसरा जो वेळ आली तर दुखवेल, आणि तिसरा ज्यानं दुखवलं असतं पण तशी वेळच आली नाही. आपल्याकडे पहिल्याला शिक्षा होते, दुसऱ्याला पोलीस समज देऊन सोडतात आणि तिसऱ्याला लोक 'फार सज्जन माणूस' म्हणतात. हिब्रूत तिघांचं क्रियापद एकच.

इंग्रजीला याबद्दल नाक मुरडायचा हक्क नाही. तिचा 'ही वुड हर्ट' हाही 'तो दुखवत असे' असा सवयीचा अर्थ पोटात घेऊन बसलेला असतोच. खरं तर संदिग्धाचं भाषांतर संदिग्धात करून भाषांतरकारानं स्वस्थ झोपावं. पण त्याला तसं करता येत नाही. कारण इंग्रजी वाचकाला आजूबाजूच्या वाक्यांवरून जे कळलेलं असतं, ते हिब्रू वाचकाला तेवढ्यावरून कळेलच याची हमी नसते. मराठीची बाब निराळी. आपल्याकडे 'दुखवायचा', 'दुखवेल', 'दुखवलं असतं' ही मंडळी वेगवेगळ्या घरात नांदतात. इतकंच नव्हे, तर 'ते छडी मारीत, कान पिळीत' अशा वाक्यांसाठी स्वतंत्र रीतिभूतकाळ आहे. माझा असा समज आहे की हा काळ खास जुन्या मास्तरांसाठीच राखून ठेवलेला असावा. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा जाडजूड ग्रंथ लिहिला. तो डोक्यात पडला असता तर इजा झाली असती, हे वाक्य मराठीत किती निःसंदिग्ध आहे ते पाहा.

हिब्रूतली ही अडचण सगळ्यांत छान दिसते ती माशीच्या बाबतीत. इंग्रज लोक निरुपद्रवीपणाचा दाखला माशीकडून घेतात. जो माशीलाही दुखवणार नाही, 'वुडन्ट हर्ट अ फ्लाय', तो सज्जन. हिचकॉकच्या 'सायको'चा (१९६०) शेवटही याच वाक्प्रचारावर बेतलेला आहे: खुनी खुर्चीत बसलेला, हातावर माशी, आणि तो तिला मारत नाही. आता याचं हिब्रू करा. 'लो' म्हणजे नाही आणि 'झ्वुव' म्हणजे माशी. नियमानं गेलं तर होतं 'लो हाया पोगेआ बिझ्वुव'. पण त्याचा दुसरा अर्थ 'पूर्वी तो माशीला हात लावत नसे' असाही निघतो. पूर्वी लावत नसे, मग आता लावतो का? कधीपासून? घरच्यांना ठाऊक आहे का? 'सायको'पुरता हा दुसरा अर्थच जास्त शहाणपणाचा वाटतो. रोजच्या बोलण्यात हिब्रू माणूस या भानगडीत न पडता सरळ भविष्यकाळात उडी मारतो: 'लो यिफ्गा बिझ्वुव', हा माशीला दुखवणार नाही. इंग्रजीतल्या अंदाजाची हिब्रूत अशी लेखी हमी होते. मराठीत तर माशीला मध्ये घेण्याचीच सोय नाही. 'तो माशा मारत नाही' असं म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं की याला हाताला काम मिळालेलं दिसतंय. म्हणून आपण सज्जनाला 'गरीब गाय' म्हणतो आणि विषय संपवतो.

काळाचा प्रश्न कसाबसा सुटतो तोवर 'यू' येऊन उभा राहतो. इंग्रजीत 'यू वुड हर्ट मी' हे वाक्य प्रियकराला, प्रेयसीला, शेजाऱ्याला किंवा अख्ख्या गृहनिर्माण सोसायटीला उद्देशून बोलता येतं. हिब्रूत 'तू'ची रूपं चार: पुरुष एक, बाई एक, पुरुष अनेक, बायका अनेक. पुरुष असेल तर 'हायिता पोगेआ', बाई असेल तर 'हायित पोगाआत'. सिनेमाचे संवाद कागदावर हाती आले आणि चित्र समोर नसलं, तर दुखवणारा कोण आहे हे भाषांतरकाराला पत्रिका मांडूनच काढावं लागेल. गंमत म्हणजे, इतकी बारीक चौकशी करणाऱ्या या भाषेला रोजच्या बोलण्यात 'अहो-जाहो' नाही. पंतप्रधानालाही 'तू' आणि भाजीवाल्यालाही 'तू'. समोरचा बाई की बुवा हे आधी सांगा, तो मोठा की लहान याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. मराठीत आपण नेमकं उलटं करतो. कुणाला दुखवायचं असलं तरी आधी 'आपण' म्हणतो आणि मग दुखवतो.

क्रियापद कुठलं घ्यायचं हा त्यापुढचा पेच. इंग्रजी 'हर्ट' एकट्यानं सगळा संसार हाकतो. गुडघा हर्ट होतो, मन हर्ट होतं आणि मंदीत धंदाही हर्ट होतो. हिब्रूनं खाती वाटून दिली आहेत. नुसतं दुखत असेल तर 'कोएव ली', अगदी आपल्या 'मला दुखतंय'सारखं. तिथे दुखवणारा लागत नाही, सोसणारा पुरतो. कुणी वेदना दिली तर 'लेहाख्ईव', जखम केली तर 'लिफ्त्सोआ'. तब्येतीचं, पिकाचं, मालमत्तेचं नुकसान केलं तर 'लेहाझिक'. आणि मनाला, मानाला, हक्काला धक्का लावला तर 'लिफ्गोआ', ज्याचा 'पोगेआ' आपण मघापासून राबवतो आहोत. या 'लिफ्गोआ'चं कुळ मोठं. बायबलच्या हिब्रूत तो धातू भेटणं, विनवणं आणि तडाखा देणं अशा तिन्ही अर्थांनी येतो. याकोब वाटेत एका जागी येऊन पोचला, तिथेही हाच धातू वापरलाय आणि त्यावरून जुन्या पंडितांनी काढलं की याकोबानं तिथे प्रार्थना केली. भेट, विनवणी आणि तडाखा एकाच शब्दात कसे राहतात, असं परक्या माणसाला वाटेल. मराठी माणसाला वाटू नये. 'तुझी गाठ माझ्याशी आहे' हे वाक्य ऐकून आजवर कुणी कॅलेंडरवर भेटीची तारीख टिपून ठेवलेली नाही.

ज्या भाषेत 'वुड हर्ट'ला हक्काचं रूप नाही, तिच्यात इजेचा विचार कमी झाला असेल असं कुणी समजू नये. तो इतका झालाय की वाचतानाच दमायला होतं. साधारण इसवी सन २००च्या सुमाराला सिद्ध झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मसंहितेचे सहा भाग आहेत. त्यातल्या एका भागाचं नावच 'नेझिकिन', म्हणजे नुकसानी. नुकसानीची चार मूळ कारणं तिथे सांगितलीत: बैल, खड्डा, 'माव्ए' आणि आग. पहिल्या दोन कारणांसाठी आपल्याला टीका-टिप्पणीची गरज नाही. पावसाळ्यात कुठल्याही शहरात ती एकाच गल्लीत भेटतात. तिसरा जो 'माव्ए', त्याचा अर्थ काय यावर राव आणि श्मुएल या दोन थोर आचार्यांचं जमलं नाही. एक म्हणाले 'माव्ए' म्हणजे माणूस. दुसरे म्हणाले 'माव्ए' म्हणजे दात, चरणाऱ्या जनावराचा. सगळ्यांत जास्त नुकसान माणूस करतो की दात, यावर दोन विद्वानांनी वाद घालावा आणि दोघांचंही बरोबर वाटावं, हे त्या ग्रंथाचं सामर्थ्य.

बैलाचं प्रकरण तर मराठी माणसानं मुद्दाम वाचावं. पहिल्यांदा शिंग मारणारा बैल 'ताम', म्हणजे साधाभोळा. त्याच्या मालकानं नुकसानीची निम्मी भरपाई द्यायची. तोच बैल तीनदा मारका ठरला आणि मालकाला तशी ताकीद मिळाली, की तो 'मुआद' होतो, अट्टल ठरतो, आणि मग मालकानं भरपाई पुरी द्यायची. यालाच आपण 'इजा, बिजा, तिजा' म्हणतो आणि त्यातला पहिला शब्दच 'इजा' आहे हे आपल्या कधी लक्षात येत नाही. माणसानं माणसाला इजा केली तर हिशेब आणखी बारीक. नुकसान, वेदना, औषधपाणी, बुडालेला रोजगार आणि झालेली शोभा, अशा पाच बाबींची भरपाई वेगवेगळी मोजायची. शोभा होण्याचे पैसे मिळण्याची ही तरतूद आपल्याकडे असती, तर लग्नसराईत कितीतरी घरं वर आली असती.

एवढी तयारी असताना या भाषेनं एक 'वुड' का घडवून घेतला नाही, असा प्रश्न पडतो. घडवायला माणूस तर होता. एलिएझेर बेन-येहुदा १८८१ साली पॅलेस्टाईनला गेला आणि शतकानुशतकं मुख्यतः प्रार्थनेत आणि ग्रंथांत राहिलेली हिब्रू घराघरात बोलली जावी म्हणून झपाटल्यासारखा कामाला लागला. मुलाच्या कानावर हिब्रूखेरीज दुसरा शब्द पडू द्यायचा नाही असा त्यानं घरात नेम केला. शब्द नव्हते ते त्यानं बनवले. शब्दकोश लिहायला घेतला तेव्हा 'शब्दकोश'लाच शब्द नव्हता, म्हणून 'मिलोन' हा शब्द आधी घडवला. आपल्याकडे सावरकरांनी 'महापौर' आणि 'दिनांक' रुळवले, तसलीच ही जिद्द. पण नामं घडवता येतात, काळ घडवता येत नाही. समितीची बैठक भरवून 'आजपासून लोकांनी अमुक अर्थानं पस्तावावं' असा ठराव करता येत नाही. १९५३ साली स्थापन झालेली हिब्रू भाषा अकादमीही शब्दांच्या याद्या प्रसिद्ध करते, पस्तावा मात्र ज्याचा त्यानं जुन्या साहित्यातूनच उभा करायचा.

क्रियापदात जे नाही ते हिब्रूनं 'जर'मध्ये भरलं आहे. तिच्याकडे 'जर' अनेक आहेत. शक्य असलेल्या गोष्टीसाठी 'इम'. अशक्य किंवा होऊन गेलेल्या गोष्टीसाठी 'लू' किंवा 'इलू'. इथे भारतीय वाचक हमखास गालात हसतो, कारण १९९१च्या 'सौदागर'नं 'इलू'चा निराळाच अर्थ आपल्या डोक्यात कायमचा बसवलाय. हिब्रूतला 'इलू' म्हणजे 'तसं असतं तर…' असा सुस्कारा. विचार केला तर दोन्ही अर्थांत फार अंतर नाही. लग्नाआधी एक, नंतर दुसरा. शिवाय 'इल्माले' नावाचा एक 'जर' आहे. तो म्हणजे 'जर' की 'जर नसतं तर' यावरच मध्ययुगीन पंडितांनी काथ्याकूट केला आहे. एकाच शब्दाचे 'असतं तर' आणि 'नसतं तर' असे दोन्ही अर्थ होत असतील, तर तो शब्द व्याकरणानं नव्हे, विमा कंपनीनं घडवला असावा.

शुद्धतेचा आग्रह धरणारे सांगतात की अशक्य गोष्टीला 'इम' लावू नका, 'लू' लावा. लोक ऐकत नाहीत. इस्रायलमध्ये फुकटच्या जरतरला उत्तर ठरलेलं आहे: आजीला चाकं असती तर ती बस झाली असती. या वाक्यातही लोक बिनदिक्कत 'इम' वापरतात, जणू आजीला चाकं बसवण्याचं काम गॅरेजमध्ये चालूच आहे. आपल्याकडे हीच जबाबदारी आत्याबाईवर आहे. तिला मिशा असत्या तर आपण तिला काका म्हटलं असतं. दोन्ही समाजांनी अशक्यतेचं ओझं घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्याच डोक्यावर दिलं आहे. फरक एवढाच की त्यांची आजी निदान गावाला पोचते. आपली आत्या मिशा घेऊन घरातच बसते.

पण 'माइट हार्म'च्या बाबतीत हिब्रूनं इंग्रजीवर मात केली आहे, हे मान्य केलं पाहिजे. इंग्रजी 'मे' आणि 'माइट' दोन्ही दगडांवर पाय ठेवतात. लॉटरी लागू शकते आणि छप्परही पडू शकतं. क्रियापदाला त्याचं सोयरसुतक नाही. हिब्रूत, निदान भाषेची शिस्त पाळणाऱ्या संपादकांच्या हाताखाली, चांगल्या शक्यतेला 'असुय' आणि वाईट शक्यतेला 'अलुल' म्हणतात. पाऊस पडू शकतो या वाक्यात छत्री विकणारा 'असुय' म्हणेल आणि वाळवण घातलेली बाई 'अलुल'. औषधाच्या कागदावर दुष्परिणामांच्या आधी 'अलुल' आलाच पाहिजे. मराठीत आपण हे काम नामांकडून करून घेतो: 'पास होण्याची आशा', 'नापास होण्याची भीती', आणि दोन्ही बाजूंना नातेवाईक असले की 'शक्यता'.

याच शब्दावर एक गंभीर ओळही उभी आहे. २ नोव्हेंबर १९१७च्या बाल्फोर जाहीरनाम्यात, पॅलेस्टाईनमधल्या ज्यूएतर समाजांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना बाधा येऊ शकेल असं काही केलं जाणार नाही, अशी ग्वाही आहे. इंग्रजीत ती बाधा 'मे'च्या शिष्टाईत गुंडाळलेली आहे. हिब्रूत तिथे 'अलुल लिफ्गोआ' येतो आणि धोका उघड धोका म्हणून दिसतो. त्या ओळीचं पुढे काय झालं हा विनोदी लेखाचा विषय नाही. मुत्सद्द्यांचं सौम्य क्रियापद भाषांतरात कसं उघडं पडतं, एवढ्यासाठीच तिची आठवण.

आता मघापासून टाळलेला नकार घेऊ: 'इट वुडन्ट हर्ट.' इंग्रजीतलं हे सगळ्यांत प्रेमळ आणि सगळ्यांत चिवट वाक्य. जरा स्वेटर घाल, वुडन्ट हर्ट. मामाला एक फोन कर, वुडन्ट हर्ट. यिद्दिश रंगभूमीच्या नावावर सांगितला जाणारा एक जुना किस्सा याच वाक्यावर आहे. नाटक चालू असताना पडदा पडतो. मॅनेजर बाहेर येऊन सांगतो की आमचे प्रमुख नट हृदयविकारानं आत्ताच वारले. माडीवरून एक म्हातारी ओरडते, "अहो, त्यांना कोंबडीचं सूप पाजा!" मॅनेजर म्हणतो, "बाई, ते गेले. आता सूपाचा काय उपयोग होणार?" म्हातारी म्हणते, "तोटा तरी काय होणार आहे?" इंग्रजीत ती म्हणते 'इट वुडन्ट हर्ट' आणि सभागृह कोसळतं.

याचं हिब्रू 'लो याझिक'. पहिल्यांदा ऐकलं तर कुणा याज्ञिकांना हाक मारल्यासारखं वाटतं. अर्थ, 'नुकसान करणार नाही.' इथेही 'वुड' गेला आणि भविष्यकाळ आला. हिब्रूत भविष्यकाळ हा नुसता उद्याचा काळ नव्हे, तो हुकुमाचाही काळ आहे. खिडकी उघड म्हणायचं तर लोक 'उघडशील' असं म्हणतात. दहा आज्ञांमधल्या 'चोरी करू नको'सारख्या मनाया ज्या रूपात आहेत, तेच रूप आज भविष्यकाळ म्हणून वापरतात. तेव्हा 'लो याझिक'मध्ये म्हातारीचा आग्रह, डॉक्टरची हमी आणि सीनाय पर्वतावरची आज्ञा, तिन्ही एकदम ऐकू येतात. इंग्रज माणूस 'वुडन्ट हर्ट' म्हणतो तेव्हा तुम्ही नाही म्हणू शकता. 'लो याझिक' म्हटल्यावर स्वेटर घालावाच लागतो. या शब्दांची एक पूर्ण म्हणही आहे: 'इम लो योइल, लो याझिक', उपयोग झाला नाही तरी अपाय होणार नाही. तिला तोडीस तोड म्हणून मी गाजराची पुंगी पुढे करतो. वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. आपली म्हण थोडी सरस म्हणावी लागेल, कारण त्यांच्या म्हणीत अपाय टळतो, आपल्या म्हणीत नाश्ताही होतो.

ही तुलना हवेतली नाही. हिब्रू आणि मराठी यांची गाठ (धमकीची नव्हे) कोकणच्या किनाऱ्यावर फार पूर्वीच पडलेली आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्रायली लोक हिब्रूत प्रार्थना म्हणत आणि मराठीत भांडत. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं त्यांच्यासाठी १८३२ साली मुंबईत हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत छापलं. १८४६ साली वल्हांडणाच्या रात्री वाचायची हागादा मराठी भाषांतरासह निघाली. पुढे यातली पुष्कळशी पेणकर, रोहेकर, नवगावकर मंडळी इस्रायलला गेली. लोद, दिमोना, अश्दोद अशा गावांत राहिली, आणि तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही काढलं.

आता लोदमधल्या एका घरात अशी एक पेणकर आजी आहे असं धरून चाला. लेखच जरतरचा असल्यामुळे एवढी सूट मी घेतो. नातू फक्त हिब्रू बोलतो. आजी त्याच्यापुढे मलिद्याची बशी सरकवून म्हणते, "घेतलास तर काय बिघडणार आहे?" नातवाच्या हिब्रूत याचं 'लो याझिक' होतं, पण आजीचा प्रश्न त्यात मावत नाही. 'काय बिघडणार आहे?' याचं उत्तर द्यायचं नसतं, बशी रिकामी करायची असते. उलट नातू दुकानात जाऊन 'हायिती रोत्से' म्हणतो, म्हणजे शब्दशः 'मी होतो इच्छितो', तेव्हा इंग्रजी शिकलेला माणूस गोंधळतो आणि आजीला मात्र ते लगेच कळतं. तीही उभा जन्म वाण्याला 'पावशेर रवा हवा होता' असंच म्हणत आली आहे. हवा होता, तर आता नको का, असं कुठल्याही वाण्यानं तिला विचारलेलं नाही. मागणी भूतकाळात ढकलली की ती सभ्य होते, हे पेणमध्येही ठाऊक आहे आणि लोदमध्येही.

इजाही अशीच मागे ढकलता येते, आणि तिथेच या क्रियापदाचा खरा बाजार भरतो. आपल्याकडे पुढारी काहीतरी बोलतो, गदारोळ होतो आणि संध्याकाळी पत्रक निघतं: कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो. काय कारागिरी आहे! 'असतील'मध्ये शंका, 'तर'मध्ये अट, आणि दुखावण्याचं काम भावनांनी आपलं आपणच उरकलेलं. हिब्रूत हे जरा अवघड जातं. तिथे भूतकाळी क्रियापदाच्या शेपटीलाच कर्ता चिकटलेला असतो. 'इम पागाती', जर मी दुखवलं असेल. त्या 'ती'मध्ये 'मी' अडकला तो अडकला. अर्थात राजकारणी तिथलेही राजकारणीच. त्यांनी 'इम मिशेहू निफ्गा', कुणी दुखावलं गेलं असेल तर, अशी चोरवाट शोधलेली आहेच.

योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस जवळ आला की इस्रायलमध्ये फोनवर संदेशांचा पूर येतो: वर्षभरात मी दुखवलं असेल तर क्षमा असावी. एक संदेश, सगळ्या यादीला. संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्'चे संदेश आपल्याही फोनवर येतात, तेव्हा हा पूर आपल्याला नवा नाही. ज्यांना खरोखर दुखवलं ते आणि ज्यांच्याशी वर्षभरात एक शब्दही बोललो नाही ते, दोघांना एकच मजकूर जातो. शास्त्र मात्र या बाबतीत कडक आहे. माणसानं माणसाचा केलेला अपराध योम किप्पूरच्या उपासानं धुतला जात नाही. ज्याला दुखवलं त्याच्या दारात जाऊन त्याची समजूत काढावी लागते. त्यानं ऐकलं नाही तर पुन्हा जायचं, तरी नाहीच तर आणखी एकदा. तीन खेपांनंतर सुटका. इजा, बिजा, तिजा इथेही आहेच, फक्त यावेळी शिंगं आपली असतात आणि दार दुसऱ्याचं.

याच 'नेझिकिन'मध्ये, बैलाच्या शेजारीच, माणसाविषयी एक नियम आहे. माणूस हा कायमचाच 'मुआद'. जागा असो वा झोपलेला, मुद्दाम करो वा चुकून, नुकसान पुरं भरायचं. त्याला पहिली खेप माफ नाही आणि निम्म्या भरपाईची सवलतही नाही. हे वाचून आधी मला तो अन्याय वाटला. बैलाला तीन संधी आणि माणसाला एकही नाही? मग पटलं, की पंडितांनी पूर्ण विचार केला होता. बैल शिंग मारतो आणि गप्प उभा राहतो. 'कुणाला लागलं असेल तर' असं तो म्हणत नाही.